लोहचुंबकाचे ध्रुव आणि निवांत जागेचा शोध

लोहचुंबकाचे दोन लहान तुकडे हातीं घेऊन ज्यानें लहानपणीं खेळ केला नाहीं, असा मनुष्य सुशिक्षित घरांत विरळाच. दोहोंचीं विजातीय टोंकें जवळ आणावीं, तों तीं झडप घालून एकमेकांस चिकटतात. त्यांतील एक तुकडा उलटवून सजातीय टोंकें समोरासमोर धरावीं, तों मधल्या रिकाम्या हवेंत कोणीं उशी ठेवली आहे कीं काय असा भास होऊन तीं दूर सरतात. सजातीय ध्रुव परस्परांस लोटतात आणि विजातीय ध्रुव परस्परांस ओढतात, हा नियम पाठ करावयास अर्धें मिनिट पुरतें. परंतु हाच नियम टेबलावरून उचलून सर्व पृथ्वीला लावावयाचें ठरलें, तेव्हां मनुष्याला त्याच्याबरोबर आणखी एक शोध करावा लागला. तो शोध निवांत जागेचा होता.

या शोधाचीं तीन ठिकाणें महाराष्ट्रांत आहेत : मुंबईचा कुलाबा, कोंकणांतील अलिबाग आणि जुन्नर तालुक्यांतील खोडद. पुण्याहून नाशिकच्या वाटेनें सुमारें ८० किलोमीटर उत्तरेस गेलें कीं नारायणगांव लागतें. तेथून पूर्वेस थोड्या अंतरावर खोडद आहे. शिवनेरीचा किल्ला याच तालुक्यांत. द्राक्षें, कांदा व टोमॅटो पिकविणाऱ्या या शिवारांत ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. त्या रेडिओ-दुर्बिणीच्या तबकड्या होत. ही दुर्बीण तेथेंच कां उभारली, या प्रश्नाच्या उत्तरांत लोहचुंबकाचे ध्रुव येतात. पण तें उत्तर नीट उमजण्यासाठीं आधीं थोडें मागें जाऊन कुलाबा व अलिबाग हीं दोन ठिकाणें पाहिलीं पाहिजेत.

लोखंडाला ओढणारा दगड मनुष्यास फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आपल्याकडे त्यास अयस्कांत म्हणत. वैशेषिक सूत्रांत सुई त्याच्याकडे सरकते याचा उल्लेख असून त्या हालचालीचें कारण ‘अदृष्ट’ असें मानिलें आहे. त्या दगडाला दोन निराळ्या स्वभावाचीं टोंकें असतात, ही गोष्ट युरोपांत स्वच्छ शब्दांत प्रथम मांडिली ती पेत्रुस पेरेग्रिनुस या फ्रेंच पंडितानें. १२६९ सालीं इटलींतील लूसेरा शहराला वेढा पडला असतां त्या छावणींतून त्यानें आपल्या मित्रास एक लांब पत्र लिहिलें. गोल घडविलेल्या चुंबकावर सुई ठेवून त्याचे ध्रुव कसे शोधावे, विजातीय ध्रुव एकमेकांस कसे ओढतात, आणि चुंबक मोडला तरी प्रत्येक तुकड्यास पुन्हां दोन ध्रुव कसे उत्पन्न होतात, हें सर्व त्या पत्रांत आहे. एकटा ध्रुव मोडून वेगळा काढतां येत नाहीं हें त्यानें त्या वेळींच पाहिलें, आणि आजवर तसा एकटा ध्रुव कोणाच्याही हातीं लागलेला नाहीं.

सुई उत्तरेकडे तोंड करिते, तेव्हां तिला उत्तर दिशा स्वतःकडे ओढीत असावी, असें पुष्कळ दिवस लोकांस वाटे. लंडन येथील रॉबर्ट नॉर्मन नांवाच्या होकायंत्रें बनविणाऱ्या कारागिरानें हा समज खोटा पाडला. त्यानें सुई बुचांत खोंवून बूच इतकें तासलें कीं, सुई पाण्यांत तरंगतही नसे आणि तळाशींही जात नसे. सुई वळली, उत्तरेकडे झाली, खालींही झुकली; पण पाण्यांतून उत्तरेकडे एक केसभरही सरकली नाहीं. त्यानें हा प्रयोग १५८१ सालीं प्रसिद्ध केला. याचें कारण ध्रुवांच्या नियमांतच आहे. पृथ्वीच्या मानानें सुई इतकी लहान कीं तिच्या दोन्ही टोंकांशीं पृथ्वीचें बल सारखेंच. एका टोंकाला तें उत्तरेकडे खेंचतें, तर दुसऱ्या टोंकाला तितक्याच जोरानें दक्षिणेकडे लोटतें. ओढ आणि लोट यांची बेरीज शून्य होते. उरतो तो नुसता पीळ. म्हणून सुई वळते, पण वाहून जात नाहीं.

पुढें १६०० सालीं विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानें लोहचुंबकाचा एक गोळा घेऊन त्यावर बारीक सुई फिरविली आणि खलाशांच्या सुया जगाच्या निरनिराळ्या भागांत जशा झुकतात तशीच ती या गोळ्यावर झुकते, असें दाखवून पृथ्वी हाच एक मोठा लोहचुंबक आहे असें प्रतिपादन केलें. यांतून एक गंमतीची गोष्ट निष्पन्न झाली. विजातीय ध्रुवच एकमेकांस ओढतात. मग सुईचें जें टोंक आपण उत्तर-ध्रुव म्हणतों तें ज्याच्याकडे वळतें, तो पृथ्वीच्या उत्तरेकडील चुंबकीय ध्रुव स्वभावानें दक्षिण-ध्रुवच असला पाहिजे. शाळेंतील मुलांस हें ऐकून बुचकळ्यांत पडल्यासारखें होतें. पण दोष पृथ्वीचा नव्हे, नांवें ठेवणाऱ्यांचा आहे.

ध्रुवांमधील बल अंतराप्रमाणें कसें घटतें याचें माप फ्रान्समधील कूलोम यानें १७८५ सालीं घेतलें. त्यानें पीळ पडणाऱ्या तारेचा तराजू वापरला आणि लांब चुंबक घेऊन एकाच ध्रुवाचा परिणाम शक्य तितका वेगळा काढला. अंतर दुप्पट झालें कीं बल चौथाईवर येतें, असें त्यास आढळलें. पण आखूड चुंबक दुरून पाहिला तर त्याचे दोन्ही ध्रुव जवळजवळ एकाच ठिकाणीं दिसतात आणि एकाचें काम दुसरा पुसून टाकतो. त्यामुळें अशा चुंबकाचा दूरच्या सुईवरील प्रभाव दुप्पट अंतरावर आठव्या हिश्शावर येतो. चुंबकाचा प्रभाव किती झपाट्यानें विरून जातो, हें यावरून ध्यानांत येईल. पृथ्वीच्या चुंबकाचें बलही तिच्या पृष्ठभागावर अगदीं मंद आहे. खेळण्यांतील चुंबकाचा तुकडा जवळ आणला कीं होकायंत्राची सुई पृथ्वीला विसरून त्या तुकड्याची ताबेदार होते. ज्या बलास एक खेळणें हरवूं शकतें, तें हजाराव्या हिश्शापर्यंत मोजावयाचें कसें ?

ही अडचण जर्मनींतील ग्यॉटिंगेन येथील गणिती गाउस यानें १८३२ सालीं सोडविली, आणि तीही ध्रुवांच्या नियमाचाच आधार घेऊन. त्याच्या रीतींत दोन प्रयोग आहेत. पहिल्यांत चुंबक दोऱ्यानें आडवा टांगून त्यास हलके झोंके द्यावयाचे. पृथ्वीचें बल जितकें अधिक व चुंबक जितका जोरकस, तितके झोंके जलद. यावरून दोहोंच्या बळांचा गुणाकार मिळतो. दुसऱ्या प्रयोगांत तोच चुंबक दुसऱ्या एका टांगलेल्या सुईच्या शेजारीं ठेवावयाचा. आतां सुईवर दोघांची सत्ता चालते. पृथ्वी तिला उत्तरेकडे धरून ठेवूं पाहते, आणि चुंबक आपल्या ध्रुवांच्या ओढीनें व लोटीनें तिला बाजूस वळवूं पाहतो. सुई ज्या कोनावर थांबते त्यावरून दोन बळांचा भागाकार मिळतो. गुणाकार आणि भागाकार दोन्ही हातीं आले कीं, चुंबकाचें बळ निराळें आणि पृथ्वीचें निराळें करणें हें अंकगणिताचें काम राहतें. कोठल्याही गांवीं, कोठल्याही चुंबकानें पृथ्वीचें बल मोजावें व तें दुसऱ्या गांवच्या मापाशीं ताडून पाहावें, अशी सोय यामुळें प्रथमच झाली.

मग जगभर अशीं ठिकाणें बसविण्याची लाट उठली. गाउस व हुंबोल्ट यांच्या प्रेरणेनें युरोपांतील वेधशाळा ठरलेल्या दिवशीं एकाच वेळीं सुया वाचूं लागल्या. ब्रिटिश सरकारनें आपल्या वसाहतींत वेधशाळा काढिल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीनेंही या कामांत भाग घेतला. मुंबईच्या कुलाबा बेटावर कंपनीची वेधशाळा १८२६ पासून होती. ती मुख्यतः ताऱ्यांच्या वेधासाठीं व जहाजांना बिनचूक वेळ कळविण्यासाठीं स्थापिली होती. तेथें एल्फिन्स्टन संस्थेंतील अध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांनीं १८४१ सालीं चुंबकीय निरीक्षणांना प्रारंभ केला.

या वेधशाळेशीं मराठी माणसांचा संबंध पहिल्यापासूनच आला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं कांहीं काळ तिचें संचालकपद सांभाळिलें. अलिबागेजवळच्या नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे हे ऐन पंधरा-सोळा वर्षांचे असतां ऑर्लिबार यांच्या हाताखालीं लागले आणि सुमारें दहा वर्षें त्यांनीं तेथें काम केलें. हेच पुढें केरूनाना या नांवानें गणित व ज्योतिष या विषयांचे विख्यात अध्यापक झाले. डेक्कन कॉलेजांत बाळ गंगाधर टिळक त्यांच्या हाताखालीं शिकले. पंचांगांतील ग्रहगणित प्रत्यक्ष वेधांशीं जुळलें पाहिजे, हा केरूनानांचा पुढील आयुष्यांतील आग्रह. ज्या तरुणानें रोज ठरल्या घटकेस वेध घेणाऱ्या ठिकाणीं दहा वर्षें काढलीं, त्याच्या तोंडीं तो शोभून दिसतो.

वेधशाळेंतील चुंबकीय काम बाहेरून पाहणाऱ्यास कंटाळवाणें वाटलें असतें. टांगलेल्या चुंबकावर आरसा, समोर मोजपट्टी, आणि पट्टीचें प्रतिबिंब वाचण्यासाठीं लहान दुर्बीण. निरीक्षकानें वेळ झाली कीं डोळा लावावा, अंक वाचावा, वहींत लिहावा. रात्रीं पाऊस असो, दिवसा उकाडा असो, अंक लिहिलाच पाहिजे. सुई अस्वस्थ झाली तर वाचन दर पंधरा मिनिटांनीं, प्रसंगीं त्याहूनही जलद करावयाचें.

या कंटाळवाण्या कामाचें मोल १८५९ सालीं ठरलें. त्या वर्षीं १ सप्टेंबर रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन हा सूर्यावरील डागांचें चित्र काढीत असतां डागांच्या एका समूहावर त्यास एकाएकीं डोळे दिपविणारा प्रकाश दिसला. सतरा-अठरा तासांनीं सर्व पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलें. तारायंत्रें बिघडलीं, आणि एरवीं ध्रुवप्रदेशांतच दिसणारा ध्रुवप्रकाश उष्ण कटिबंधाच्या देशांतूनही दिसला. युरोपांतील कित्येक वेधशाळांत सुईनें मोजपट्टीची हद्दच ओलांडली. कुलाब्यास मात्र २ सप्टेंबरच्या दिवसा निरीक्षक अंक लिहीत राहिले. पृथ्वीचें आडवें चुंबकीय बल थोड्याच वेळांत सुमारें शेंकडा चारांनीं घसरलें आणि मग तितक्याच घाईनें बरेंचसें सावरलें. शेंकडा चार ही घट कानांस लहान वाटते. पण साध्या वादळांत ती शेंकडा एकाच्याही पुष्कळ आंत असते. त्या वह्या जपून राहिल्या, आणि २००३ सालीं हिंदी व परदेशी शास्त्रज्ञांनीं त्या पुन्हां वाचून त्या वादळाचा जोर अंकांत मांडिला. ती घसरण नेमकी कोणत्या विद्युत्-प्रवाहामुळें झाली याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. पण वाद घालावयासही आधार लागतो, आणि तो आधार कुलाब्याच्या वहीनें दिला.

याच सुमारास विजेच्या ज्ञानानें जगाचें रूप पालटत होतें. डेन्मार्कमधील ओर्स्टेड यानें १८२० सालींच दाखविलें होतें कीं, तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे जवळची चुंबक-सुई वळते. वीज वाहते तेथें चुंबकत्व उत्पन्न होतें, मग ती तार प्रयोगशाळेंतील असो कीं रस्त्यावरील. विजेच्या ट्रामला प्रवाह वरच्या तारेंतून मिळतो आणि तो रुळांतून परत जातो. पण सर्वच रुळांतून जात नाहीं. त्याचा कांहीं भाग जमिनींत झिरपून वाटेल तसा भटकत परततो. असा भटका प्रवाह वेधशाळेखालून गेला कीं सुई सूर्याची बातमी सांगते कीं ट्रामची, हें ओळखणें अशक्य होतें. युरोपांतील शहरांत हा अनुभव येऊं लागला होता. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचें चुंबकीय काम पुढें स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर या एकांत स्थळीं १९०८ सालीं उघडलेल्या वेधशाळेकडे गेलें, तें याच कारणानें.

मुंबईंत घोड्यांच्या ट्रामगाड्या १८७४ पासून चालत. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या विजेवर चालविण्याचें ठरूं लागलें, तेव्हां कुलाब्याच्या वेधशाळेपुढें संकट उभें राहिलें. त्या वेळीं तेथील संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे होते. १८९६ सालीं त्या जागेवर नेमलेले हे पहिले हिंदी संचालक. एका बाजूस लाखों नागरिकांची सोय, आणि दुसऱ्या बाजूस साठ वर्षांची अंकांची माळ. शहरानें ट्राम सोडावी असें कोणी म्हणूं शकत नव्हतें, आणि माळ तोडावी असें म्हणणें मूस यांस शक्य नव्हतें.

तोडगा निघाला तो असा. कुलाब्याच्या दक्षिणेस सुमारें ३० किलोमीटरांवर, बंदर ओलांडून, अलिबाग येथें समुद्राकांठीं नवी वेधशाळा बांधावयाची. योगायोग असा कीं, अलिबागेसमोर समुद्रांत आंग्र्यांचा जो किल्ला आहे त्याचेंही नांव कुलाबाच. एका कुलाब्याहून निघालेली सुई दुसऱ्या कुलाब्याशेजारीं जाऊन बसली. इमारतीसाठीं पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यांत चुंबकत्व नाहीं. लोखंड वर्ज्य केलें. जेथें धातु हवा तेथें तांबें व पितळ वापरलें. एरवीं घर बांधतांना ज्या खिळ्याकडे कोणी पाहतही नाहीं, तोच येथें शत्रु ठरला.

पण या कथेचा गाभा इमारतींत नाहीं. अलिबागचें काम १९०४ सालीं सुरू झालें, तरी कुलाबा लगेच बंद केला नाहीं. सुमारें दोन वर्षें, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं सुया वाचल्या. दोन जागांच्या अंकांत कायमचा फरक किती हें त्यावरून निश्चित झालें, आणि जुनी माळ नव्या माळेंत गांठ न दिसतां ओंवली गेली. मग ७ मे १९०७ रोजीं मुंबईंत विजेची ट्राम धांवली. १९१० सालीं मूस यांनीं १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचें विवेचन दोन भागांत प्रसिद्ध केलें. अनेक वादळांची सरासरी काढून त्यांनीं दाखविलें कीं, चुंबकीय वादळांत आडवें बल आधीं किंचित् चढतें, मग बराच वेळ खालीं घसरतें व पुढें हळूहळू सावरतें. वादळांनाही घडण असते, हें त्या वह्यांनीं शिकविलें. मुंबईची ट्राम १९६४ सालीं बंद झाली. अलिबागची वेधशाळा, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखालीं, अजून अंक लिहीत आहे.

आतां खोडदकडे वळूं. अलिबागची सुई पृथ्वीच्या चुंबकाला स्पर्श करण्यासाठीं निवांत जागा शोधीत गेली; खोडदची दुर्बीण ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ-लहरी ऐकण्यासाठीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील डॉ. गोविंद स्वरूप यांनीं विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ती उभारिली, आणि पुण्यांतील राष्ट्रीय खगोल-भौतिकी रेडिओ केंद्र तिचा कारभार पाहतें. तबकड्या एकूण ३०. त्यांपैकीं १४ मध्यभागीं सुमारें एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या जागेंत, आणि बाकीच्या १६ तीन दिशांना पसरलेल्या फांद्यांवर. टोंकाच्या तबकड्यांत अंतर सुमारें २५ किलोमीटर. पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारांची जाळी, ही तिच्या स्वस्त व हलक्या घडणीची युक्ति. अलिबागेंत एक खिळाही चालत नाहीं आणि येथें पोलादाचे डोलारे उभे आहेत. कारण येथें सुई नाहीं, येथें कान आहे.

तरीही जागा निवडतांना चुंबकाचे ध्रुव विसरतां आले नाहींत. भूचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें एक रेषा अशी आहे कीं, जेथें सुई मुळींच झुकत नाहीं, अगदीं आडवी राहते. ही चुंबकीय विषुववृत्त-रेषा हिंदुस्थानच्या दक्षिण टोंकावरून जाते. तिचा अभ्यास करण्यासाठींच १९६३ सालीं केरळांतील थुंबा येथून अग्निबाण सोडण्यास प्रारंभ झाला. या रेषेजवळ वातावरणाचा वरचा विद्युत्-भारित थर, ज्यास आयनांबर म्हणतात, तो विशेष खळबळलेला असतो. तेथील विद्युत्-कण चुंबकीय रेषांना बांधलेले. त्या रेषा तेथें जमिनीला समांतर असल्यामुळें दिवसा या थरांत प्रबळ प्रवाह वाहतो आणि सूर्यास्तानंतर त्यांत मोठमोठे बुडबुडे उठतात. ताऱ्यांकडून येणाऱ्या लांब लहरी या थरांतून येतांना अशा कांपतात कीं, उकळत्या पाण्यातून तळ पाहावा तसें होतें. म्हणून दुर्बीण त्या रेषेपासून पुरेशी उत्तरेस हवी. पण फार उत्तरेस गेलें कीं दक्षिणेकडील आकाश क्षितिजाखालीं बुडतें. या दोन गरजांचा मेळ सुमारें १९ अंश अक्षांशावर, जुन्नरच्या पट्ट्यांत बसला. तेथें अलिबागप्रमाणेंच सुई पंचवीस अंशांहून थोडी अधिक झुकते. शिवाय डोंगरांचा आडोसा, मोठ्या शहरापासून दूर असलेली जागा, आणि तरीही पुण्याच्या कारखान्यांपासून व शास्त्रसंस्थांपासून जवळीक, हे लाभ होतेच.

या दुर्बिणीस जें ऐकूं येतें त्यांतही ध्रुवांची कथा आहे. १९६७ सालीं इंग्लंडांत जोसेलिन बेल या विद्यार्थिनीस आकाशांतून ठरावीक ठेक्यानें येणारे रेडिओ-ठोके आढळले. ज्यांतून ते येतात ते विझलेल्या मोठ्या ताऱ्यांचे गाभे असून, गरगर फिरणारे प्रचंड लोहचुंबक आहेत. एखाद्या शहराएवढा गोळा, वजनानें सूर्याहून भारी, आणि चुंबकत्व कित्येकदां पृथ्वीच्या चुंबकत्वापुढें एकावर बारा शून्यें इतक्या पटींचें. त्यांच्या चुंबकीय ध्रुवांच्या आसपासून लहरींचा झोत निघतो. चुंबकीय ध्रुव आणि फिरण्याचे ध्रुव हे एकाच ठिकाणीं नसल्यामुळें तो झोत दीपगृहाच्या दिव्याप्रमाणें फिरतो, आणि पृथ्वीवरून जातांना एक एक ठोका पडतो. आपल्या पृथ्वीचेही दोन्ही प्रकारचे ध्रुव एका जागीं नाहींत; होकायंत्र खऱ्या उत्तरेपासून कित्येक ठिकाणीं हटतें तें याचमुळें. जी गोष्ट खलाशांस अडचण वाटली, तिच्याच मोठ्या रूपामुळें हे तारे हेरतां आले. खोडदच्या दुर्बिणीनें असे कित्येक तारे शोधिले आहेत. त्यांतील पहिला २००४ सालीं, एका दूरच्या तारकागुच्छांत.

हे ठोके अतिशय क्षीण असतात. मोटारीच्या यंत्रांतील ठिणगी, सदोष विजेची तार, दूरध्वनीचा मनोरा, यांपैकीं कोणाचाही आवाज त्यांना सहज बुडवितो. म्हणून खोडदच्या आसमंतांत अशा गोष्टींना मर्यादा घालाव्या लागतात. शास्त्रज्ञांना निवांतपणा हवा, पण त्याच शिवारांत राहणाऱ्या शेतकऱ्यांना बाजारपेठेला जोडणारा मार्ग हवा, उद्योग हवेत, दूरध्वनि हवा.

एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत हा प्रश्न रेल्वेच्या रूपानें उभा राहिला. पुणें ते नाशिक जलद विद्युत्-रेल्वेची आखणी झाली, तेव्हां तिचा मार्ग नारायणगांवाच्या भागांतून जाणार होता. दुर्बिणीच्या कामांत व्यत्यय येईल म्हणून तो मार्ग बदलावा लागेल, अशी भूमिका रेल्वे खात्यानें घेतली. तर जुन्नर, आंबेगांव व खेड या तालुक्यांतून मूळ मार्गच राखावा अशी मागणी जोरानें झाली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं मुंबईंत विजेवर चालणाऱ्या गाडीनें जो पेंच घातला, तोच पुन्हां जुन्नरच्या डोंगरांत आला.

दोन पेंचांत एक मोठा फरक आहे. मूस यांच्यापुढें सुई होती. ती उचलून समुद्रापलीकडे नेतां आली. २५ किलोमीटर पसरलेल्या तीस तबकड्या उचलून नेतां येत नाहींत, आणि त्यांच्यासाठीं चुंबकीय रेषेपासूनचें अंतर, दक्षिणेचें आकाश व डोंगरांचा आडोसा हें सर्व एकत्र असलेलें दुसरें ठिकाण सहज मिळावयाचें नाहीं. उलट मुंबईच्या नागरिकांस ट्राम मिळाली आणि निवांतपणाची किंमत सरकारी तिजोरीनें दिली. खोडदेस ती किंमत गांवकऱ्यांनीं द्यावी असें म्हणावयाचें असेल, तर त्यांच्या सोयीचा दुसरा मार्ग दाखविणें हें म्हणणाऱ्याचें कर्तव्य ठरतें. दोन्ही पक्षांचें म्हणणें खोटें नाहीं, म्हणूनच तें सोडविणें कठीण आहे.

कुलाब्याहून अलिबागेस जातांना दोन वर्षें दोन्हीं ठिकाणीं दिवे लावून अंक लिहिणाऱ्यांनीं एक धडा घालून दिला आहे. त्यांनीं नव्या सोयीला विरोध केला नाहीं, आणि जुनें काम घाईनें सोडलेंही नाहीं. वेळ आणि पैसा खर्चून दोन्ही जपलें. त्यामुळें १८५९ चें वादळ आणि आजचा अलिबागेंतील अंक एकाच माळेंत आहेत. दोन लोहचुंबक एकमेकांस ओढतात कीं लोटतात हें मुलालाही क्षणांत कळतें. पण पृथ्वीसारखा चुंबक काय सांगतो हें कळावयास पिढ्यानपिढ्या कोणींतरी शांत जागा राखावी लागते. खोडदची जागा तशी राखली जाईल कीं नाहीं, आणि राखतांना तेथील शेतकऱ्याचा न्याय्य वांटा त्यास मिळेल कीं नाहीं, हें आतां शास्त्रज्ञांच्या हातीं नसून समाजाच्या हातीं आहे.